हलव्याला काटा येईपर्यंत

"काहीतरी भाजतंय," मी म्हणालो.

"माझा पाक कधी करपत नाही," उल्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्ही बूट घाला. बस जाईल."

सकाळची वेळ होती, मार्गशीर्षातली. साताऱ्यात त्या दिवसांत पहाटेपासून कडाक्याची थंडी असते आणि संक्रांतीचा हलवा करायला तीच लागते. उल्का शेगडीपुढे पाटावर बसली होती. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ. चमच्याने पाकाचे चार थेंब सोडायचे आणि तीळ बोटांनी फिरवत राहायचे, पाक सुकला की पुन्हा चार थेंब. असं तीन-चार दिवस केलं की तिळावर साखर चढते आणि तिला काटे फुटतात. मग त्या हलव्याचे दागिने. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हे पांढरे दागिने घालतात. आमच्या पेठेतल्या निम्म्या सुनांच्या अंगावर उल्काच्या हातचे दागिने चढले होते.

पण वास पाकाचा नव्हता. मी एका पायात बूट घातलेला, तसाच आत गेलो.

"अहो, बूट! स्वयंपाकघरात बूट?"

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं परातीच्या कडेला टेकलेली होती. टोकांची कातडी पांढरी होऊन फुगली होती. मी तिचा हात ओढला आणि नळाखाली धरला. ती हाताकडे बघत होती, पण दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तशी.

"दुखत नाही?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही म्हटलं ना." मग तिने डाव्या हाताने परातीतला एक तीळ उचलून उजव्या चिमटीत धरला आणि डोळे मिटले. "सांगा, आहे का बोटांत?"

तीळ केव्हाच खाली पडला होता.

"आहे," मी म्हणालो.

तिने डोळे उघडून चिमटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुम्हाला. इतकी वर्षं त्या ऑफिसात करता काय?"

गणपतीपासून तिला पोटाच्या आजारासाठी इंजेक्शनं चालू होती. त्या दिवशी बस सोडून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिच्या बोटांना कापूस लावला, टाचणी लावली. म्हणाले, हे औषधाने होतं, बोटांची जाणीव जाते. औषध थांबवल्यावर हळूहळू परत येते.

"हळूहळू म्हणजे?" उल्काने विचारलं.

"वर्षभर तरी धरा."

"वर्षभर," ती म्हणाली आणि हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते समोरचे कागद सारखे करू लागले. मी तेव्हा फक्त बोटांचाच विचार करत होतो.

बाहेर आल्यावर रिक्षात ती म्हणाली, "गौतमीचे दागिने आता बाजारातून आणू. मिळतात हल्ली. गोंदाने चिकटवलेले असतात, पण लांबून कळत नाही."

गौतमी आमची एकुलती एक मुलगी. वैशाखात तिचं लग्न झालं होतं, कोल्हापूरला दिली होती. ती पाळण्यात होती तेव्हापासून उल्का म्हणायची, हिच्या पहिल्या संक्रांतीला मी असा साज करीन की सासरची माणसं हात लावून बघतील. गावातल्या पोरींचं सगळं करून झालं होतं. आता स्वतःच्या पोरीची पाळी आली आणि बोटं गेली. "लांबून कळत नाही" असं म्हणून ती रिक्षाबाहेर बघत बसली ती घर येईपर्यंत.

माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. पाण्याचे पंप करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी बसत होतो. फोन वाजायचा, पलीकडचा माणूस ओरडायचा, मी म्हणायचो, "आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." पंप मी बनवला नव्हता आणि दुरुस्तही मी करणार नव्हतो. माफी मागायची, एवढंच काम. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा तोंडातून शब्द निघायचा नाही. आमटीत मीठ कमी आहे का, एवढं उल्काने विचारलं तरी मी नुसता बघत राहायचो. एकदा झोपेत मी "दिलगीर आहोत" म्हणालो म्हणे. ती गोष्ट तिने आठवडाभर पेठेत सांगितली. निकमवहिनी, म्हणजे आमच्या शेजारीण, मला जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय ओ भावजी, आज कोणाची गैरसोय झाली?"

दुसऱ्या दिवशी मी देवस्थळी साहेबांपुढे उभा राहिलो. "संक्रांत होईपर्यंत रजा हवी."

"बोपर्डीकर, वहिनींच्या दवाखान्यात तुमची रजा कधीच संपली. आता वरच्यांना कारण काय सांगू? तब्येत जास्त आहे का?"

"तब्येत आहे तशीच आहे. हलवा करायचाय."

साहेबांना आधी वाटलं मी शिऱ्याबद्दल बोलतोय. मग नीट सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "अहो, कारण तरी बरं सांगा. बायको आजारी आहे म्हणा, मी मागेपुढे करून बसवतो. हलवा करायला रजा कशी देऊ?"

ते वाईट बोलले नाहीत. माझ्यासाठी वाटच काढत होते. पण तिच्या आजारपणाच्या नावावर रजा घेऊन मी परातीपुढे बसायचं, हे मला बरं वाटेना. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सवयीने मी जाऊन उचलला. कुणी बाई होत्या, कऱ्हाडकडच्या. टाकीत पाणी चढत नव्हतं. "घरात लग्न आहे हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य येईना. शेवटी म्हणालो, "बाई, मला पंपातलं काही कळत नाही. मी माणूस पाठवायला सांगतो." फोन ठेवला, आत गेलो आणि साहेबांना म्हटलं, "मग सोडतोच नोकरी."

घरी आल्यावर उल्काला सांगितलं. ती संतापली.

"कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं?"

"नाही."

"उद्या काय करणार घरी बसून?"

"हलवा."

ती बघतच राहिली. "तुम्ही? चहात साखर घालताना ओट्यावर सांडता तुम्ही."

"बोटं माझी, डोळे तुझे. बस माझ्या शेजारी आणि सांग."

उठून तिने परात घासायला घेतली, मी काढून घेतली. मग म्हणाली, "नखं कापा आधी. आणि ती अंगठी काढा."

शिकवायला ती कडक होती. पाक करताना दुधाचा शिपका मारून मळी कशी वर आणायची, ती किती वेळा काढायची. पाकाची तार यायच्या आधीच तो उतरवायचा. निखाऱ्यावर राख किती असावी. मी पाक जास्त सोडला की तीळ एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा, मग ती म्हणायची, "चिक्की झाली. निकमवहिनींना नेऊन द्या, त्यांचे दात चांगले आहेत." मी बोटं भराभर फिरवली की म्हणायची, "फोन नाही हा, घाईने ठेवायला." आणि परात तापून माझी बोटं पोळली, मी हात झटकला, की ती झटकन विचारायची, "भाजलं? किती?" त्या विचारण्यात काळजी असायचीच, पण थोडा हेवाही असायचा असं मला वाटतं.

काम सकाळी आणि संध्याकाळी, थंडी असेल तेव्हा. दुपार मोकळी. इतक्या वर्षांत माझ्या घरातली दुपार मी रविवार सोडून पाहिलीच नव्हती. ऊन मागच्या खोलीत कुठवर येतं, कोणती चिमणी कुठे बसते, भाजीवाली काय ओरडते, हे मला नवीन होतं. जेवण झालं की उल्का उन्हात सतरंजीवर आडवी व्हायची. मी तिला पेपर वाचून दाखवायचो. ती अर्ध्यातच झोपायची. मी बोलू लागलो होतो. एकदा तीच म्हणाली, "अहो, जरा गप्प बसा की. नोकरी होती तेच बरं होतं."

पण हलव्याला काटा येत नव्हता.

तिळावर साखर चढत होती, दाणा मोठा होत होता, पांढराशुभ्र दिसत होता. पण गुळगुळीत. औषधाच्या गोळीसारखा. पहिला घाणा गेला, दुसरा गेला. मी पाक बदलला, साखर बदलली. उल्का दाणा उचलून डोळ्यांजवळ धरायची आणि खाली ठेवायची. संक्रांत जवळ येत चालली होती.

"माझ्या हातालाच गुण नाही," मी म्हणालो.

"हाताला काही झालेलं नाही. बोटं चांगली फिरतात तुमची." ती विचार करत बसली. मग तिची मान वळली. "खिडकी कुणी लावली?"

किल्ल्याच्या बाजूला आमची स्वयंपाकघराची खिडकी. डोंगरावरचा वारा तिथून थेट आत येतो. पहिल्या दिवसापासून मी ती लावून घेत होतो. तिच्या अंगात काही उरलं नव्हतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, सर्दीपडशापासून जपा, छातीवर जाता कामा नये.

"वारं येतं," मी म्हणालो.

"वारं यायलाच पाहिजे! गरम परातीवर गार वारं लागल्याशिवाय काटा कसा फुटेल?" ती कपाळावर हात मारून हसायला लागली. हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. "अहो, बंद खोलीत हलवा करणारा अख्ख्या साताऱ्यात एकच माणूस. दोन घाणे गेले की हो!"

"मग तू आतल्या खोलीत झोप. मी उघडतो."

"मी आत बसले तर तुम्हाला सांगणार कोण?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाले ते मीही ऐकलंय." आता ती हसत नव्हती. "शाल आणा. दोन आणा. कानाला मफलर आणा. आणि उघडा खिडकी."

मी उभाच राहिलो.

"प्रभाकर," ती म्हणाली. लग्नानंतर तिने मला नावाने हाक मारली ती तेवढीच. "गौतमीचं तेवढं होऊ दे माझ्यासमोर."

मी शाली आणल्या, मफलर आणलं, तिच्या पायावर गोधडी टाकली, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. मग खिडकी उघडली. वारा आत आला तशी शेगडीवरची राख उडाली आणि निखारे लाल झाले. तिने डोळे मिटून घेतले. थंडीने की बरं वाटलं म्हणून, ते मला कळलं नाही.

त्या घाण्याला तिसऱ्या दिवशी काटा आला. सकाळची वेळ होती. आधी दाणा नुसता खरखरीत लागला. मग बोटांना टोचू लागला. मी तिला सांगणार तेवढ्यात तीच म्हणाली, "थांबा, हलू नका." ती पुढे वाकली. परातीतला एक दाणा तिने मला उचलायला लावला, उजेडात धरायला लावला. त्याच्या चहूबाजूंनी बारीक बारीक काटे होते.

"टोचतो का?" तिने विचारलं.

"टोचतो."

"चांगला टोचतो?"

"चांगला टोचतो."

तिने तो दाणा माझ्या हातून घेतला आणि गालाला लावून पाहिला. गालाला तिला समजत होतं. पुष्कळ वेळ तो तिने तसाच धरून ठेवला.

दागिने आम्ही दोघांनी मिळून केले. दाण्याला दोऱ्याची गाठ मारायची, दोन गाठींत अंतर सारखं ठेवायचं. गाठ माझी, अंतर तिच्या नजरेचं. मंगळसूत्र, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, जावयासाठी हार आणि नारळ. नथीवरून आमचं भांडण झालं. मी केलेली नथ तिने दोनदा सोडायला लावली. "ही नथ नाही, हा गळ आहे," म्हणाली.

पहिलं हळदीकुंकू सासरी झालं. मग गौतमीच्या सासूबाई स्वतः म्हणाल्या, रथसप्तमीच्या आत एक तुमच्याकडेही करू, विहीणबाईंना डोळ्यांनी बघू दे. माणूस मोठ्या मनाचं. त्या गौतमीला घेऊन साताऱ्याला आल्या. पेठेतल्या बायकांना बोलावणं गेलं. बायकांचा कार्यक्रम, म्हणून मी स्वयंपाकघरात कॉफी करत होतो आणि पडद्याआडून ऐकत होतो.

गौतमी काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसली होती. अंगावर सगळा पांढरा साज. उल्का शेजारी खुर्चीत, शालीत. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, पण कुंकू मोठं लावलं होतं.

"उल्काताई, यंदा काटा काय आलाय हो!" निकमवहिनी म्हणाल्या. "हात अजून तोच आहे बघा."

"हात माझा नाही," उल्का म्हणाली. "हे सगळं ह्यांनी केलंय."

एकदम गलका झाला. "भावजींनी? खरंच? ओ भावजी, बाहेर या!" मी कॉफीचा ट्रे घेऊनच बाहेर गेलो, म्हणजे हातांना काहीतरी काम असावं.

"काय ओ, कोणाची गैरसोय केली का दागिने करताना?" निकमवहिनींनी विचारलं.

"माझी केली," उल्का म्हणाली. "नथ विचारा, नथ."

बायका हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, "ते काही नाही, उल्काताई, आज नाव घ्यायचंच. एवढा साज केला नवऱ्याने."

ती आढेवेढे घेईल असं मला वाटलं. तिने घेतले नाहीत. सरळ बसली, पदर नीट केला आणि म्हणाली:

"पाक सोडावा थेंब थेंब, घाई नको फार,
प्रभाकररावांचा हलवा पुढच्या वर्षीही तयार."

टाळ्या पडल्या. "मग माझ्या धाकट्या सुनेचे पुढच्या वर्षी भावजींकडेच," एकजण म्हणाली. "आमच्या प्राजूचेही सांगून ठेवते," दुसरी म्हणाली. निकमवहिनींच्या मुलीला सहावा महिना लागला होता. त्या म्हणाल्या, "आणि आमच्या नातवाचं बोरन्हाण. मुकुट, बासरी, सगळं पाहिजे."

"सांगा, सांगा ह्यांना," उल्का म्हणत होती. "आत्ताच सांगून ठेवा. पुढच्या थंडीत घरीच असणार आहेत हे. नोकरी नाही, काही नाही. काम द्या त्यांना. रिकामे ठेवू नका."

गौतमी हसत नव्हती. ती आईकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. तिला माझ्याआधी कळलं होतं. उल्का मला नुसतं गौतमीच्या दागिन्यांसाठी शिकवत नव्हती. दागिने बाजारात मिळतात, हे तिनेच तर रिक्षात मला सांगितलं होतं.

मी कॉफीचे कप देत राहिलो. एका बाईला दोनदा दिला.

पाहुणे गेल्यावर मी मोरीत कप विसळत होतो. उल्का दारात येऊन उभी राहिली.

"बोरन्हाणाला तिळाचा हलवा चालत नाही हं," ती म्हणाली. "बाळाला टोचतो. खसखशीवर करायचा, मोहरीएवढा. दाणा बारीक, पण काटा पाहिजे. सगळ्यात अवघड तेच."

"मला येत नाही ते."

"दाखवते की. थंडी आहे अजून."

"पुढच्या वर्षी दाखव," मी म्हणालो. तिच्या तोंडून हो यावं म्हणून म्हणालो.

"कप फुटेल," ती म्हणाली. "विसळताना बोलू नका."

दोन दिवसांनी आम्ही खसखस घेऊन बसलो. तिने पाक कसा पातळ ठेवायचा ते सांगितलं. चमचा नको, काडीने थेंब सोडा म्हणाली. थेंब सोडल्यावर बोटं कशी फिरवायची, चोळायची नाहीत, नुसती... आणि तिथे तिला झोप लागली. भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं. मी तिला उठवलं नाही. उठल्यावर विचारू म्हटलं. खसखशीचा लगदा झाला होता.

मग ताप आला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे एकदा मी विचारणार होतो, पण तिला नळ्या लावलेल्या होत्या आणि आजूबाजूला माणसं होती, अशा वेळी खसखशीचं काय विचारायचं. माघ संपता संपता ती गेली. उन्हं तोपर्यंत कडक झाली होती.

वैशाखात देवस्थळी साहेबांचा निरोप आला, जागा रिकामी आहे, या म्हणून. मी नाही म्हणून कळवलं. उन्हाळ्यात मी एका शाळेची झाडं बघतो, पावसाळ्यात गणपतीसाठी कापसाची वस्त्रं करतो, आणि थंडी पडली की परात काढतो. हात आता चांगला बसला आहे. नथही जमते. पेठेबाहेरची माणसंही सांगायला येतात. नव्या सुना मला काका म्हणतात आणि दागिने घातले की दाखवायला येतात.

निकमवहिनींच्या नातवाचं बोरन्हाण पुढच्या संक्रांतीला तिळाच्या हलव्यावरच झालं. त्याला टोचलं, तो रडला, सगळे हसले. गौतमीच्या मुलीच्या वेळी दागिने पुण्याहून विकत आणले. अजून कुणी बोरन्हाणाचं विचारलं की मी दुसरीकडे पाठवतो. दर थंडीत दोन-तीन सकाळी मी खसखस घेऊन बसतो. पाक पातळ ठेवतो, काडीने थेंब सोडतो. पुढे बोटं कशी फिरवायची ते मला माहीत नाही. खसखशीवर काटा आणायचा राहिला आहे.